मोहाखालचा चार्जर

मित्रांनो, मी एक जुना चार्जर आहे. जुना म्हटल्यावर हसू नका. ज्या दिवशी मला इथे उभं केलं, त्याच दिवशी पाहुण्यांच्या हस्ते रस्त्याकडेला आंब्याची रोपं लावली होती. त्यातलं एक जगलं, ते अजून कंबरेएवढंही झालेलं नाही. आणि मी मात्र मोडीत निघालो आहे. विजेवर चालणाऱ्या मोटारींना वीज पाजायची, एवढंच माझं काम. तेही आता माझ्याकडून होत नाही.

सावली गावाहून गडचिरोलीकडे निघालात की वैनगंगेचा पूल यायच्या आधी एक फाटा लागतो. फाट्यावर हातपंप आहे, आणि एका मोठ्या झाडाचा कापलेला बुंधा आहे. त्या बुंध्याशेजारी काच तडकलेला, पांढरा रंग पिवळा पडलेला एक उंच डबा दिसेल. तो मी. बुंध्यावर बहुधा एक म्हातारा बसलेला असेल. तो बापूजी. ही गोष्ट माझी आहे खरी, पण त्याला बाजूला ठेवून ती सांगता येत नाही.

माझा जन्म फार दूरच्या कारखान्यात झाला. तिथे भरपूर उजेड होता आणि धुळीचा कण नव्हता. मला तपासणाऱ्यांनी माझा जीव नकोसा केला. पावसात उभं केलं, भट्टीसारख्या खोलीत ठेवलं, धक्के दिले, तारा ओढून पाहिल्या. मी सगळ्यांत पास झालो. ऊन, पाऊस, धूळ, उंदीर, सगळ्यांची परीक्षा झाली. पालापाचोळ्याची तेवढी कुणी घेतली नाही. तिथल्या शहाण्या माणसांना पाला म्हणजे काय ते कुठून ठाऊक असणार?

तेव्हा सरकारची योजना जोरात होती. विजेची गाडी घेणाऱ्याला किमतीत सूट, आणि रस्त्याकडेला चार्जर उभारणाऱ्याला अनुदान. जंगलाच्या जिल्ह्यातसुद्धा चार्जर पोहोचले पाहिजेत असं ठरलं, म्हणून मी ट्रकमध्ये बसून इकडे आलो. जागा सरकारी हवी होती, रस्त्याला लागून हवी होती आणि विजेच्या डीपीपासून लांब नको होती. अशी जागा फाट्यावरच्या मोहाच्या झाडाखाली सापडली.

आता जागा सरकारी, झाडही सरकारी. पण मित्रांनो, या भागात कुठल्या मोहाची फुलं कुणी वेचायची हे कागदावर नसतं, गावाला तोंडपाठ असतं. हा मोह बापूजीच्या घरचा. त्याचा आजा इथे फुलं वेचायचा, बाप वेचायचा, आता तो आणि त्याची बायको कुंता वेचत होते. बापूजी ढिवर. तलावात जाळं टाकायचं, तलावाखालच्या बांधीत धान लावायचं आणि चैत्र आला की मोहफुलं वेचायची, असं त्यांचं वर्ष जायचं. माझ्यासाठी खड्डा खणताना बापूजी येऊन हात बांधून उभा राहिला. भांडला नाही. त्याने एवढंच विचारलं, "फुलं येचाले त भेटन ना, साहेब?" साहेब हो म्हणाले, आणि तो निवांत घरी गेला.

डीपीपासून माझ्यापर्यंत केबल जमिनीखालून आणायची होती. खणणारी माणसं घाईत होती, उद्घाटनाची तारीख ठरलेली होती, आणि मोहाची मुळं मोठी चिवट. जिथे मूळ आडवं आलं तिथे त्यांनी केबल मुळावरूनच घेतली आणि वर माती लोटून दिली. मी नवखा. मला वाटलं, करतायत ते बरोबरच करत असतील.

उद्घाटन काय थाटात झालं म्हणून सांगू! मंडप, फीत, नारळ, भाषणं. धूर नसलेला जिल्हा घडवायचा, असं प्रत्येक जण माइकवर येऊन सांगून गेला. पाहुणे डिझेलच्या गाड्यांतून आले आणि डिझेलच्या गाड्यांतून गेले, हा भाग वेगळा. मला हार घातला, माझ्याबरोबर फोटो काढले. गावाने माझं नाव 'करंट पंप' ठेवलं. मला ते आवडलं.

गर्दी पांगल्यावर एक जण मागे थांबला. बापूजीचा मुलगा मिथुन. लग्नाच्या वयाचा, हसरा, दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर असलेला. त्याने माझी गन, म्हणजे गाडीला लावायची नळी, हातात घेऊन पाहिली, परत नीट जागेवर ठेवली आणि कितीतरी वेळ तो माझ्याकडे बघत राहिला. सरकारने पंप दारात आणून ठेवला आहे, म्हणजे गाडी चालणारच, असा त्याने हिशेब केला. घरी चार दिवस वाद झाला. बापूजी अडला, मग त्यानेही नाद सोडला. शेवटी तलावाखालची बांधी विकली गेली, सरकारी सूट मिळाली, आणि मिथुनची निळी गाडी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. एका घराने आपली जमीन माझ्या भरवशावर सोडली होती. यंत्र झालो म्हणून काय झालं, ते ओझं मला जाणवत होतं.

ते माझे सोन्याचे दिवस! मिथुन दवाखान्यात माणसं न्यायचा, बाजाराला न्यायचा, महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला फेऱ्यांवर फेऱ्या मारायचा. गाडीचा आवाज येत नाही याचं लोकांना भारी नवल. गावातली एक म्हातारी, रुखमाबाई, पहिल्यांदा बसली तेव्हा बराच वेळ वाट बघून म्हणाली, बापा, सुरू कर ना गाडी, काऊन बसून राह्यला? तेव्हा गाडी वैनगंगेच्या पुलावर पोहोचली होती. ही गोष्ट मिथुन माझ्यापाशी उभा राहून येईल त्याला सांगायचा आणि स्वतःच आधी हसायचा.

माझ्या डोक्यावर एक दिवा होता. चैत्रात पहाटे कुंता टोपली घेऊन यायची आणि त्या दिव्याच्या उजेडात फुलं वेचायची. या भागात वाघ आहे. मोह वेचायला वाकलेलं माणूस त्याला माणसासारखं दिसत नाही, असं म्हणतात. त्यामुळे बायका भीतभीत वेचतात. कुंता मात्र माझ्या उजेडात निर्धास्त असायची. जाताना पदराने माझी काच पुसून जायची. माझी एवढी निगा तर ज्यांनी मला उभं केलं त्यांनीही कधी राखली नाही. ते उद्घाटनानंतर फिरकलेच नव्हते.

आता मोह वेचायची इथली रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. फुलं गळायच्या सुमाराला झाडाखाली पाल्याचा थर असतो. त्यात फूल पडलं की सापडत नाही, आणि पाल्यात साप-विंचू असतात ते वेगळंच. म्हणून लोक झाडाखालचा पाला आधी जाळून घेतात. जमीन काळी, मोकळी होते, आणि त्यावर पिवळी फुलं लांबूनही दिसतात. जंगल खातं नको म्हणतं, लोक कधी ऐकतात, कधी नाही. मी आलो त्या वर्षी बापूजीने पाला जाळला नाही. माझ्या काळजीने त्याने आणि मिथुनने सगळा पाला हाताने झाडून काढला.

पुढच्या वर्षी मिथुनला उसंत नव्हती. गाडी छान चालली होती, जत्रा नुकतीच उलटली होती, पहाटेपासून माणसं बोलवायची. कुंताचे गुडघे धरले होते. एकट्या बापूजीच्याने एवढा पाला आवरेना. मग त्याने बापजाद्यांच्या रीतीने जाळायचं ठरवलं. पण किती सांभाळून जाळलं ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. आधी माझ्याभोवती खूप मोठं गोल आळं त्याने काडीन् काडी वेचून साफ केलं. हातपंपावरून घागरी भरून ठेवल्या. पळसाची हिरवी फांदी हातात धरून तो आगीच्या मागे मागे फिरला. माझ्या अंगाला झळसुद्धा लागली नाही. सगळं विझल्यावर त्याने खांद्यावरच्या दुपट्ट्याने माझ्यावरची राख पुसली आणि समाधानाने विडी पेटवली.

पण मी म्हणजे तेवढाच नव्हतो, मित्रांनो. मधल्या पावसाळ्याने मुळांवरची माती वाहून नेली होती. केबलचा प्लॅस्टिकचा पाइप उघडा पडला होता आणि त्याच्या दोन्ही अंगांना वाळका पाला घट्ट बसला होता. वरून काही दिसत नव्हतं. आग वर विझली आणि खाली धुमसत राहिली. आधी माझा आकडे दाखवणारा पडदा फडफडला, मग दिवा गेला, मग मी गेलो. ओरडायची काही सोय माझ्यात केलेली नव्हती.

दुपारी मिथुन आला. गन लावली, काही होईना. काढून पुन्हा लावली. मग जळक्या वासाचा माग काढत तो डीपीकडे चालत गेला आणि मध्येच खाली बसला. बापूजी हातातली फांदी तशीच घेऊन मागे आला.

"बाबा, तार इथूनच आली होती," मिथुन म्हणाला.

बापूजी त्या वितळलेल्या पाइपाशी वाकला. "मले वाटलं पेटी म्हंजे पेटीच. तिले मुळं रायते हे मले कोनी सांगतलं नाई."

मिथुन बापावर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं मला नंतर फार वाटलं. बापूजीने ती जळकी जागा हाताने चाचपली आणि तेव्हापासून त्याची मान जी खाली गेली ती गेलीच.

तक्रारीवर तक्रारी झाल्या. शेवटी मोहफुलं ऐन गळतीला आली असताना मला उभारणाऱ्या कंपनीचा माणूस चंद्रपूरहून आला. त्याचं नाव सुरेंद्र. माणूस वाईट नव्हता. कुंताने दिलेला चहा प्यायला, मिथुनच्या खांद्यावर हात ठेवला. मग तो एकटाच केबलच्या वाटेने चालत गेला. मुळापाशी थांबला, वाकून पाहिलं. केबल किती वर होती, हे त्याला एका नजरेत कळलं. मी त्याचा चेहरा पाहत होतो. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि बुटाने त्या जागेवर माती लोटली. मग परत येऊन म्हणाला की आग या लोकांनी लावली, दोष झाडाचा आणि पाल्याचा. झाड आहे तोवर पाला पडणार, पाला पडला की हे जाळणार, आणि तोवर नवी केबल काही मंजूर होणार नाही. झाड काढा, केबल येईल.

त्या संध्याकाळी बाप-लेक माझ्यासमोरच बसले होते. मिथुन म्हणत होता, झाड कापायचं नाही, गाडी गेली तरी चालेल. कुंता टोपलीतली फुलं उगाच खालीवर करत होती. बापूजी मान वर न करता बोलला.

"बांधी तुह्या गाडीत गेली. आता गाडी बी गेली त आपल्याजवळ रायलं काय? जाळलं म्या. कापू दे."

मला ओरडून सांगायचं होतं की अरे, कापू नका. दोष झाडाचा नाही, तुझाही नाही, मातीखाली बघा. पण ज्याच्यात करंट नाही त्या चार्जरला कोण विचारतो?

झाड कापायची परवानगी झटकन आली. गंमतच आहे बघा! जे मोडायचं त्याचा कागद धावत येतो. करवतवाले आले तेव्हा मोह फुलांनी लगडलेला होता. आजाच्या आजाने पाहिलेलं झाड जेवणाच्या सुट्टीआधी आडवं झालं. जमीन हादरली ती माझ्या पायापर्यंत आली. गावातली माणसं बघायला जमली होती. कुंता पडलेल्या फांद्यांमध्ये शिरली आणि न उमललेली, अजून हिरवी असलेली फुलं तोडून तोडून ओटीत भरू लागली. ती कशाच्याच कामाची नव्हती. बापूजीने तिला हात धरून बाहेर आणलं.

केबल काही आली नाही.

पावसाळा गेला, धान कापून झालं, तरी आली नाही. मिथुन फोन करायचा. आधी सुरेंद्र म्हणायचा, येते आहे. मग म्हणायला लागला, वर विचारतो. एक दिवस त्याने खरं काय ते सांगून टाकलं. मिथुनने फोन मोठ्या आवाजावर लावला होता, म्हणून मीही ऐकलं. "उभं कराचे पैसे भेटते, भाऊ. उभं ठेवाचे नाई." जुन्या योजनेची मुदत संपली होती, नवी आली होती, आणि नवीत नवे चार्जर होते. जुन्याचं पुढे काय, हे त्यालाही कुणी सांगितलेलं नव्हतं.

मिथुन घरच्या लाईनवर गाडी चार्ज करायचा. गावातले मोटारपंप सुरू झाले की घरातला दिवासुद्धा मिणमिणतो, तिथे गाडीची काय कथा! गडचिरोलीत जावं तर तिथे कधी रांग, कधी बंद. एकदा मार्कंड्याहून येताना गाडी पुलाच्या अलीकडे थांबली ती थांबलीच. आत म्हातारी माणसं, उन्हाची वेळ. शेवटी ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी गावात ओढत आणली. पोरं मागे हसत धावत होती. मिथुन स्टिअरिंग धरून सरळ समोर बघत होता. दुसऱ्या दिवसापासून लोकांनी त्याला बोलवणं सोडलं. रुखमाबाईने तेवढं सोडलं नाही, पण एका म्हातारीच्या फेऱ्यांवर घर चालत नाही.

हिवाळ्यात गावातली माणसं मिरची तोडायला तेलंगणात निघाली. त्यांच्या गाडीत मिथुनही चढला. जाताना तो माझ्यापाशी आला नाही. मी त्याला दोष देत नाही. त्याची निळी गाडी घराच्या कुडाला लागून उभी आहे, तिच्याखाली कोंबड्या बसतात. तो सणालाही आला नाही. फोन येतो, पण बापूजी फोनवर बोलत नाही. कुंताच बोलते.

आणि मी? पडद्यात मुंग्यांनी घर केलं आहे. गन कुणीतरी कापून नेली, आतल्या तांब्यासाठी. सावली नाही म्हणून मोहाखाली टपरी टाकून बसणारा चहावालाही ती उचलून निघून गेला. पण एक चमत्कार सांगतो. लोकांच्या मोबाईलमध्ये मी अजून जिवंत आहे! तिथे माझ्या नावापुढे हिरवा ठिपका आहे म्हणे. त्या ठिपक्यावर विश्वास ठेवून कधी नागपूरची, कधी चंद्रपूरची गाडी मोठ्या आशेने इथे वळते. काच खाली होते. तेव्हा बुंध्यावर बसलेला बापूजी उठतो, गाडीजवळ जातो, हात जोडतो.

"बंद हाये, साहेब. म्याच जाळलं."

प्रत्येकाला तो हेच सांगतो. कुणी विचारलेलं नसतं, तरी सांगतो. कुणी चुकचुकतं. कुणी मुकाट्याने गाडी फिरवतं. परवा एका माणसाने, बिचाऱ्याची गाडी अगदी संपत आली होती, रागाच्या भरात त्याला नाही नाही ते ऐकवलं. तुम्हा लोकांसाठी सरकारने काही करायचंच नाही, असं म्हणाला. बापूजी मान हलवत ऐकत राहिला, जणू ते ऐकण्यासाठीच तो रोज इथे येऊन बसतो. चैत्र आला की तो अजूनही खराटा घेऊन माझ्याभोवतीचं आळं झाडतो. आता पाला पडत नाही. नुसती धूळ उडते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी यंत्राने काहीतरी शिकवण द्यायची असते. वस्तू आणून ठेवली म्हणजे काम झालं असं नसतं, तिची निगा राखावी लागते, वगैरे. ते तुम्हाला कळतं, आणि ज्यांना कळायला हवं ते ही गोष्ट वाचणार नाहीत. मला दुरुस्त करा, असंही मी म्हणत नाही. मी दुरुस्त झालो तरी मोह परत उभा राहणार नाही. माझं मागणं एकच आहे. कधी या वाटेने गेलात आणि बुंध्यावर तो म्हातारा दिसला, तर गाडी थांबवा. तो उठून हात जोडायच्या आधी खाली उतरा. त्याला म्हणा, बापूजी, तुम्ही नाही जाळलं. तार खोल पुरलीच नव्हती. हे मला सांगता आलं असतं तर मी त्याच दिवशी सांगितलं असतं.

आणि सांगताना जरा मोठ्याने सांगा. अलीकडे त्याला कमी ऐकू येतं.